प्रवरेकाठचे नेवासे

नगराहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या सडकेवर साठेक किलोमीटर गेले की एक फाटा लागतो. एस.टी. थांबते, कंडक्टर 'नेवासा फाटा' असा पुकारा करतो, दोनचार माणसे पिशव्या-बोचकी सावरीत उतरतात आणि गाडी पुढे निघते. उरलेले प्रवासी खिडकीतून उसाचे फड बघत पुढच्या पुलाची वाट पाहतात. काहीजण तर त्याआधीच, घोडेगावापाशी, शनिशिंगणापूरच्या वाटेला लागलेले असतात. नेवाशालाच जायचे असे ठरवून घराबाहेर पडलेला माणूस, वारकरी मंडळी वगळली तर, विरळाच. आणि तसा कोणी निघालाच, तर त्याला घरचे माणूस विचारतेच, "नेवाशात बघायचं काय? एक खांब तर आहे!"

श्रोतेहो, हा प्रश्न अगदी रास्त आहे. नेवाशाला किल्ला नाही, लेणी नाहीत, राजवाडा नाही. एक जुना खांब, एक देऊळ, एक टेकाड आणि एक नदी. खांब आणि देऊळ पाहायला अर्धा तास पुरतो. पण टेकाड आणि नदी यांच्यासाठी मात्र अर्धा दिवस हाताशी ठेवा. पुष्कळ लोक नेवाशाहून "काही विशेष नाही" असे म्हणत परत येतात, त्याचे कारण ते फक्त पहिला अर्धा तास तिथे असतात.

आपले नगर शहर, म्हणजे २०२४ सालापासूनचे अहिल्यानगर, इ. स. १४९० मध्ये वसले. शाळेत आपण ते मोठ्या जुनेपणाच्या भावनेने शिकतो. ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. नगराची पहिली वीट रचली गेली तेव्हा नेवाशातल्या त्या ग्रंथाला दोनशे वर्षे होऊन गेली होती. आणि त्या ग्रंथाच्या वेळीही नेवासे काही नवे गाव नव्हते. किती जुने होते ते नदीलाच विचारायला हवे. म्हणून माझे सांगणे असे की देवळात जाण्याआधी नदीवर जा.

प्रवरा ही अकोले तालुक्यात रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. भंडारदऱ्याला १९२६ साली पुऱ्या झालेल्या धरणाने तिला अडविले आहे. मग ती संगमनेरवरून, जोर्व्यावरून उतरत नेवाशाला येते. आज या नदीचे नाव घेतले की लोकांना ऊस आणि साखर कारखाने आठवतात. त्यात गैर काही नाही, प्रवरेच्या पाटाने या मुलखाचे नशीब पालटले हे खरेच आहे. पण नेवाशाच्या काठावर उभे राहून दरडीकडे नीट बघा. अगदी तळाशी काळा कातळ. त्याच्यावर गोटे आणि वाळू एकमेकांत घट्ट रुतून बसलेला थर, जणू कोणी चुन्यात कालवून ठेवलेला. त्याच्यावर पिवळसर गाळाची माती आणि सर्वांत वर आपली ओळखीची काळी जमीन. त्या गोट्यांच्या थरांमध्ये माणसाने घडविलेली दगडी हत्यारे सापडली आहेत. आधीची आहेत ती मोठाली, हातात धरून घाव घालायची. नंतरची आहेत ती लहान, गारेच्या आणि रंगीत दगडांच्या कपच्यांची, कातडे खरवडायला आणि भोके पाडायला उपयोगी पडतील अशी. या दुसऱ्या तऱ्हेच्या हत्यारांना पुरातत्त्वाच्या पुस्तकांत 'नेवासियन' असे नावच पडले. बाजाराच्या गावाचे नाव अश्मयुगाच्या एका अध्यायाला मिळावे, ही गोष्ट गावातल्या चहाच्या दुकानात सांगून पाहा. बहुतेकांना ती ठाऊक नसते, पण ऐकून प्रत्येकाचा चेहरा खुलतो.

आता टेकाडाकडे वळू. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग सांगतात, काळी आणि पांढरी. काळीत पिकायचे आणि पांढरीत राहायचे. माणसे पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली की चुलीची राख, गुरांचे शेण, पडक्या भिंतींची माती, हाडे, खापऱ्या असे सगळे साचत जाते आणि मातीचा रंग पालटतो. तीच पांढर. नेवाशाच्या काठी असेच एक मोठे पांढरीचे टेकाड आहे, त्याला लाडमोड म्हणतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातर्फे डॉ. हसमुख सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात तिथे उत्खनन केले, आणि पुन्हा १९५९ ते १९६१ मध्ये. डॉ. शां. भा. देव आणि झैनुद्दीन अन्सारी हे त्यांचे सहकारी. पहिल्या उत्खननाचा अहवाल १९६० साली इंग्रजीत निघाला. त्याच्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'नेवाशास : इतिहासाकडून प्रागितिहासाकडे'. नाव मोठे नेमके आहे. आपण इतिहास पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचतो, पण खणणाऱ्याला शेवटचे पान पहिल्याने उलगडावे लागते.

तर वरून खाली असे चला. सर्वांत वर मुसलमानी आणि मराठी अमदानीचा थर. त्याच्या खाली एकदम सातवाहनांचा काळ, त्यांची नाणी, तांबूस झिलईची सुबक भांडी, आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोन कानांच्या उंच रांजणांचे तुकडे. रोमन व्यापारी अशा रांजणांतून द्राक्षाची दारू पाठवीत. पैठण ही सातवाहनांची राजधानी इथून फार दूर नाही, तेव्हा तिकडच्या बाजारपेठेशी नेवाशाचे येणेजाणे असणार हे उघड आहे. त्याच्याही खाली पुन्हा जवळजवळ हजार वर्षांची पोकळी, आणि मग सुमारे साडेतीन ते तीन हजार वर्षांपूर्वीचे गाव. कुडाच्या भिंती, चुन्याने सारवलेल्या जमिनी, धान्याचे रांजण, तांबड्या भांड्यांवर काळ्या रेघांची नक्षी, तोटीचे तांबे. लोखंड या माणसांना ठाऊक नव्हते. तांबे होते, पण जपून वापरण्याइतके थोडे, म्हणून रोजचे कापणे-सोलणे गारेच्या पात्यांनीच चाले. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी अशी भांडी पहिल्याने ओळखली गेली म्हणून या लोकांच्या राहणीला जोर्वे संस्कृती म्हणतात.

इथे जरा थांबा. या घरांच्या जमिनीखाली लहान मुले पुरलेली सापडली. दोन रांजण आडवे ठेवून त्यांची तोंडे एकमेकांना भिडवायची आणि आत मूल निजवायचे. घराबाहेर नाही, रानात नाही, आपण जिथे झोपतो तिथेच, हातभर खाली. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या भोकांत दोऱ्याचे बारीक अवशेष राहिले होते. तांब्याच्या गंजाने ते कुजू दिले नव्हते. तपासणीत तो दोरा कापसाचा आणि रेशमाचा निघाला. त्या घरात तांबे दुर्मीळ होते आणि रेशीम तर त्याहून दुर्मीळ असेल. ते कोठून आले, कशाच्या बदली आले, यावर विद्वान बोलतील. पण ते मुलाच्या गळ्यातून काढून घ्यावे असे आईला वाटले नाही, एवढे आपल्यालाही कळते. नेवाशाला आलेल्या माणसाने खांबाइतकेच हे मूलही लक्षात ठेवावे, असे मला वाटते.

आता एक मौजेची गोष्ट. मघाशी सांगितले की मराठी-मुसलमानी थराखाली एकदम सातवाहन. मधली हजारबाराशे वर्षे या टेकाडावर रिकामी आहेत. म्हणजे यादवांचा काळ तिथे नाही. ज्या काळामुळे नेवाशाचे नाव घरोघर झाले, नेमके तेवढेच पान या पुस्तकातून गळालेले! माणसे अर्थातच नेवासे सोडून गेली नव्हती. वस्ती दुसरीकडे सरकली होती, बहुधा आजच्या गावाखालीच ती झाकलेली असेल. त्या काळचे आपल्यापाशी उघड्यावर आहे ते फक्त खांबाचे दगडी अंग आणि एक ग्रंथ.

तो खांब गावाच्या पश्चिमेला आहे. लोक त्याला पैसाचा खांब म्हणतात. आज त्याच्याभोवती मोठे मंदिर आहे. बन्सी महाराज तांबे यांच्या खटपटीने ते विसाव्या शतकात उभे राहिले. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरकारांनी या खांबाची नोंद केली आहे. खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, ही परंपरेची श्रद्धा. खांबावर शेंदूर नाही, मूर्ती नाही. मूर्ती नसलेल्या दगडापुढे इतकी माणसे माथा टेकतात, याचे मला नेहमी नवल वाटते.

पण जवळ जाऊन पाहाल तर त्याच्यावर अक्षरे आहेत. लेख संस्कृत आहे आणि त्यात ज्ञानेश्वरांचा उल्लेख नाही. प्रारंभी करवीरेश्वराला नमन आहे, म्हणजे हा खांब एका शिवालयाचा. पुढे मजकूर आहे तो दिव्याचा. देवापुढच्या अखंड दिव्याच्या तेलासाठी वाडवडिलांनी दरमहाची देणगी लावून दिली होती, ती पुढच्यांनीही सांभाळावी, असा त्याचा आशय. बस्स, एवढेच. कोणा राजाचा पराक्रम नाही, वंशावळ नाही. तेलाचा खर्च बंद पडू नये एवढीच काळजी. ते शिवालय गेले, तो दिवा गेला, देणगी केव्हा थांबली ते कोणी लिहून ठेवले नाही. त्या एका खांबापाशी एका तरुणाने सांगितलेला अर्थ मात्र सातशेहून अधिक वर्षे महाराष्ट्रभर तेवत आहे. तेव्हा त्याचे वय जेमतेम पंधरा होते, दुसऱ्या एका मताने एकोणीस. मराठीत, म्हणजे बाजारात आणि शेतात बोलायच्या भाषेत, असा विषय सांगता येतो हे त्याने दाखवून दिले. नंतर सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, आळंदीला त्याने समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. ग्रंथाच्या शेवटी ज्या रामचंद्र यादवाच्या न्यायी राज्याचा गौरव आहे, त्याच्या राज्याला हा पहिला हादरा होता. म्हणजे नेवाशातली ती वर्षे किती थोडी आणि किती शांत होती, याचा अंदाज करा.

त्याच समारोपात ठिकाणही सांगितले आहे. गंमत अशी की नेवाशाचे नाव त्यात नाही. पंचक्रोशीचे पवित्र क्षेत्र आहे, महालयेचे स्थान आहे, आणि नदी सांगितली आहे ती गोदावरी. तिचा दक्षिण तीर. आता गावात तर प्रवरा वाहते! या कोड्याचे उत्तर गावात मिळत नाही, त्याच्यासाठी थोडे पुढे जावे लागते. त्याकडे शेवटी येतो.

महालया म्हणजेच गावातला मोहिनीराज, असे मानतात. हे देऊळ होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात बांधले. विष्णूने मोहिनीचे रूप घेऊन देवांना अमृत वाटले ते इथे, पंक्तीत चोरून बसलेल्या राहूचे शिर उडाले ते राहुरीला पडले आणि काया पडली ती कायगावला, अशी लोककथा आहे. जेजुरीच्या खंडोबाची म्हाळसा हीदेखील नेवाशाच्या वाण्याची लेक, असे वाघ्या-मुरळी गातात. देऊळ सुरेख आहे, कोरीव काम सावकाश बघा. त्याबद्दल जास्त सांगत नाही, कारण ते सांगायला तिथे माणसे तत्पर असतात.

मला बोलायचे आहे ते ज्याबद्दल तिथे कोणी बोलत नाही त्याविषयी. नेवाशाचे एक जुने नाव निधिवास, म्हणजे ठेव्याचे ठिकाण. कुबेराने इथे आपला निधी ठेवला असे सांगतात. निधी म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे मोहरांचा हंडा येतो, आणि मग रात्री कुदळी घेऊन निघणारेही निघतात. हंडा सापडत नाही, पण खरा ठेवा होता तो चेचला जातो. दुसरी गोष्ट पांढरीच्या मातीची. ही माती पिकाला खतासारखी मानवते. आपल्याकडे गावोगाव शेतकरी जुन्या पांढरीची माती गाडीने नेऊन शेतात टाकीत आले आहेत. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या आजानेही तेच केले. पण बैलगाडी वर्षभरात जेवढी माती नेई तेवढी आज एक यंत्र सकाळच्या न्याहारीआधी उचलते. तिसरी वाळू. नदीतली वाळू आणि तिच्याखालचे गोटे उपसले जातात, तेव्हा कोणा शहरातल्या बंगल्याच्या स्लॅबमध्ये लाख वर्षांपूर्वीची हत्यारेही घातली जात असतील, आणि ते कोणाला कळायचेही नाही. आणि चौथी गोष्ट घरांच्या पायांची. ज्ञानेश्वरांच्या काळचे गाव आजच्या घरांखाली असेल, तर सिमेंटच्या खांबासाठी खणलेला प्रत्येक खड्डा त्याच्यातूनच जातो. त्यातून निघालेली माती कोणी पाहते का? पाहिली तरी बोलते का? पुष्कळदा भीतीने बोलत नाही. जमिनीत सापडलेला मौल्यवान ठेवा कलेक्टरला कळवावा असा १८७८ चा कायदा आहे, आणि कायद्याचे नाव काढले की लोकांना आपली जागाच जाते की काय असे वाटते. तेव्हा सापडलेली वस्तू गुपचूप पुन्हा पुरली जाते नाही तर मोडीत जाते.

ती मोडीत गेली नाही म्हणजे काय होते, याचे उदाहरण याच नदीवर आहे. नेवाशाच्या वरच्या अंगाला श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद हे ओसाड पडलेले गाव आहे. तिथे १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार धातूची चित्रे सापडली. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. भंगाराच्या तागडीत घातले असते तर त्या घराला चार दिवस बरे गेले असते, एवढेच. तसे झाले नाही म्हणून आज देशोदेशीच्या पुस्तकांत प्रवरेकाठचा तो रथ छापला जातो.

तेव्हा तुम्ही जाल तेव्हा टेकाडावरची खापरी खिशात घालू नका. मुले हट्ट करतील, त्यांना ती हातात घेऊन बघू द्या आणि होती तिथेच ठेवायला सांगा. जागेवरून हललेली खापरी मुकी होते, तिचा थर कोणता हे मग कोणालाच सांगता येत नाही. आणि गावातल्या जाणत्या माणसांशी बोला. "विहीर खणताना काय काय निघालं हो, बाबा?" एवढे विचारले तरी पुरे. बाहेरगावचा माणूस मुद्दाम विचारायला येतो म्हटल्यावर, आपल्या अंगणातल्या मातीकडे बघायची नजर बदलते. सरकारी पाटीने ते काम होत नाही. मी मी म्हणणाऱ्या पाट्या गंजून गेलेल्या आपण पाहिल्या आहेत.

जाण्याचे दिवस म्हणाल तर दिवाळी ते संक्रांत. पावसाळ्यात दरडी निसरड्या होतात आणि चैत्र-वैशाखात ऊन सोसवत नाही. फाट्यापासून गाव चारपाच किलोमीटर, वाहन मिळते. सकाळी लवकर निघून आधी नदी, मग टेकाड, मग खांब आणि शेवटी मोहिनीराज, असा क्रम ठेवलात तर जेवणवेळेपर्यंत मोकळे व्हाल.

जेवून पुन्हा सडकेवर या आणि पुढे प्रवरासंगमाला जा. इथे प्रवरा गोदावरीला मिळते. टोक्याला सिद्धेश्वराचे पेशवाईतले देऊळ आहे, भिंतीवरची चित्रे दगडातली आहेत पण बोलकी. घाटावर उभे राहिले की पलीकडे कायगाव दिसते, आणि मघाचे कोडे इथे आपोआप सुटते. प्रवरेचे पाणी जिथे गोदावरीचे होते ती जागा नेवाशाहून हाकेवर म्हणावी इतकी जवळ आहे. जुन्या माणसांच्या लेखी हा सगळा टापू गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, दक्षिण काठच. ग्रंथकाराने गावाचा पत्ता दिला तो मोठ्या नदीच्या नावाने.

पैठणच्या जायकवाडी धरणात १९७६ पासून पाणी साठते. धरण भरले की त्याचा फुगवटा इथपर्यंत येतो आणि संगमाची रेघ पुसली जाते. कोणते पाणी प्रवरेचे आणि कोणते गोदावरीचे, हे तेव्हा काठच्या कोळ्यालाच विचारावे. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, लहान मुलांचा हात धरा. परतीची एस.टी. वरच्या सडकेवर मिळते.